आकडा सांगा, म्हणता

मी कृषी-अर्थशास्त्रातला आहे असं कळलं की पाचव्या मिनिटाला प्रश्न येतो: "सरकार शेती संशोधनावर एवढा पैसा घालतं, त्यातून परत किती येतं? आकडा सांगा."

आकडा आहे, पण तो सांगायची मला धास्तीच वाटते. 1958 पासूनच्या दोन हजारांहून अधिक अंदाजांचा मध्यक, म्हणजे ओळीनं मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, काढला, तर परतावा वर्षाला 39 टक्के येतो. ऐकणारा आधी डोळे विस्फारतो आणि मग हसतो. हसणं बरोबरच आहे. वाण तयार व्हायला, पसरायला आणि जुनं व्हायला दशकं जातात. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात हा काळ 50 वर्षांचा धरलाय आणि परिणामाचा कळस 24 व्या वर्षी येतो. आता 39 टक्के चक्रवाढीनं 50 वर्षं लावून बघा. एकाचे 1 कोटी 40 लाख होतात! एवढा पैसा कुठल्या शेतात पिकला?

घोळ गणिताच्या सूत्रात आहे. मधल्या वर्षांत हाती आलेला प्रत्येक पैसा पुन्हा त्याच 39 टक्क्यांनी गुंतवला जातो, असं ते गृहीत धरतं. तसं कुठे होत नाही. हर्ली, राव आणि पार्डी या अर्थतज्ज्ञांनी 2014 मध्ये वास्तवातले व्याजदर धरून हेच अंदाज पुन्हा मांडले, तेव्हा मध्यक 9.8 टक्क्यांवर आला. माझ्या मते हाही उत्तम परतावा आहे. पण 39 ऐकलेल्याला 9.8 सांगितलं की आपण काहीतरी लपवतोय असं त्याला वाटतं.

या साऱ्याची सुरुवात अर्थतज्ज्ञ झ्वी ग्रिलिकेस यांच्या 1958 च्या संकरित मक्यावरच्या लेखापासून झाली. त्यातला 700 टक्के परताव्याचा आकडा आजही भाषणांत फिरतो. ग्रिलिकेस यांनी तिथेच बजावलं होतं की हा तेल लागलेल्या एका विहिरीचा हिशेब आहे, कोरड्या गेलेल्यांचा, म्हणजे फसलेल्या संशोधनांचा, खर्च यात धरलेला नाही. ते वाक्य मात्र भाषणात येत नाही.

फायदा कुणाला, हा वेगळाच विषय. पीक वाढलं की भाव पडतात, आणि बराचसा लाभ शेतकऱ्याच्या हातून निसटून खाणाऱ्याच्या ताटात जातो.

खरी पंचाईत होते ती गव्हाच्या तांबेऱ्यापाशी. 1998 मध्ये युगांडात सापडलेल्या यूजी99 या प्रकारानं कित्येक वाणांची प्रतिकारशक्ती मोडली. अशा रोगाशी झुंजून पैदासकार, म्हणजे नवे वाण काढणारे, उत्पादन जिथल्या तिथे टिकवतात. आलेख सपाट राहतो आणि लोक विचारतात, दहा वर्षांत वाढलं काय? अशा कामाचा परतावा काढायचा तर "हे संशोधन झालंच नसतं तर" ही न घडलेली रेघ कुणीतरी काढावी लागते.

एकदा मी ती दोन रोगतज्ज्ञांकडून काढून घेतली. एकाची रेघ धाडकन खाली गेली, दुसऱ्याची हळूहळू उतरली, आणि परताव्याचे आकडे दुपटीच्या फरकानं आले. मी दोन्ही अहवालात ठेवले. अहवाल मागवणाऱ्यांनी मोठा तेवढा उचलला.