२८ एमएमची प्लेट

मागच्या आठवड्यात रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीतून ब्लोअरची जळलेली मोटर आली. टेम्पोतून उतरवतानाच त्यांचा मेंटेनन्सवाला म्हणाला, "दादा, डुप्लिकेट माल आहे, एवढीशी मोटर दहा एचपीची असते का?" त्यांची जुनी दहा एचपी वागळे इस्टेटला माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानातच पडून होती, शेजारी ठेवून बघितली तर नवी खरंच बरीच लहान.

पण नेमप्लेट वाचा ना! जुनी ९६० आरपीएमची, नवी १४४० ची. एचपी म्हणजे टॉर्क आणि स्पीडचा गुणाकार, आणि मोटरचा साइज ठरतो तो टॉर्कवर. साडेसात किलोवॅट १४४० ला काढायला ५० न्यूटन मीटर पुरतात, ९६० ला ७५ लागतात, म्हणून स्टॅम्पिंग, म्हणजे आतल्या लोखंडी पत्र्यांचा गाभा, मोठं, तांबं जास्त आणि फ्रेम १३२ च्या जागी १६०. हा फ्रेमचा आकडा म्हणजे पायापासून शाफ्टच्या सेंटरपर्यंतची उंची, एमएममध्ये. त्यांच्या फिटरने बरोबर २८ एमएमची प्लेट खाली घालून उंची जुळवली, ४२ च्या बोअरची जुनीच पुली बुश टाकून ३८ च्या शाफ्टवर बसवली, इतकं सुबक काम, आणि हे सगळं वेगळं का येतंय हे कोणीच विचारलं नाही. परचेसच्या ऑर्डरवर फक्त '१० एचपी थ्री फेज'.

ब्लोअरचा स्पीड दीडपट झाला की लोड दीडाच्या घनाने वाढतो, तिपटीच्या वर. जुनीवर पाच एचपीच लोड असेल तरी नवीवर सतराच्या आसपास गेला. ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त गेला की मोटर बंद करणारा, ट्रिप व्हायला लागला तर यांनी सेटिंग वाढवलं! असं करणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो, रिले सांगत असतो आणि हे त्याचंच तोंड बंद करतात. उघडली तर तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या, सिंगल फेजिंग, म्हणजे एक फेज गेलेला, असतं तर काही कॉइल चांगल्या राहिल्या असत्या.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. नवी मोटर आली त्या दिवशी त्यांचा मला फोन आला होता, "दादा लहान दिसतेय, चालेल का?" मी ऐरोली पुलावर ट्रॅफिकमध्ये होतो, म्हणालो, "आता इन्सुलेशन चांगलं आलंय, मोटरी लहानच येतात, लावा." ते खोटं नव्हतं, पण आरपीएम विचारला नाही मी.

मोटरवरची १२ इंची पुली काढून ८ ची टाकली असती तर हीच मोटर आरामात चालली असती. आता रिवाइंड करून ८ इंची पुलीसकट देतोय. बिल अजून लिहिलेलं नाही.