वैशाखातली रात्र कुठे काढायची?

पुढच्या मार्चात मी बँकेतून निवृत्त होतेय. नवरा दोन वर्षांपूर्वीच झाला. तेव्हापासून रोज जेवताना आमचा एकच विषय असतो: यापुढे राहायचं कुठे? पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. बेळगाव माझं माहेर. आणि गोव्यात म्हार्दोळजवळ माझी मावसबहीण आहे. ताई दर चतुर्थीला फोनवर म्हणते, "आता इकडेच ये गो. घर एवढं मोठं आहे, माणसं नाहीत."

डिसेंबरात सगळीच गावं छान वाटतात. गावाची हवा पारखायची ती त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात, आणि तीही रात्री, असं माझं पक्कं मत झालंय. दुपार कशीही निभावते, माणूस कामात असतो. पण रात्री पाठ टेकल्यावर डोळा लागला नाही तर दुसरा दिवसही गेला. म्हणून आम्ही मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. पर्समध्ये तापमान आणि आर्द्रता दाखवणारं हाताएवढं यंत्र, आणि एक शंभर पानी वही.

पहिली रात्र बेळगावात काढली. दुपारी ऊन कडक होतं, पुण्याहून फार वेगळं म्हणता येणार नाही. चार वाजता आभाळ भरून आलं, अर्धा तास वळवाचा पाऊस पडला आणि मातीच्या वासासकट सगळा उकाडा उतरला. पहाटे पाचला वहिनीच्या गच्चीवर यंत्राने 21 अंश दाखवले. मला चादर ओढून घ्यावी लागली. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, आणि सह्याद्रीच्या अगदी माथ्याजवळ. समुद्रावरून येणारा वारा घाट चढून संध्याकाळी गावात पोचतो. लहानपणी या वाऱ्याला आम्ही कधी नावच दिलं नव्हतं. तो असायचाच.

सकाळी जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाला लागलो. गाडीच्या काचा उघड्या ठेवायचा माझा हट्ट होता. कणकुंबीजवळ हवा अजून हलकी होती, झाडांतून येणारी, कोरडीशी. घाटमाथा ओलांडून उतार सुरू झाला तसा दर वळणावर फरक कळत गेला. आधी कपाळ ओलं झालं, मग मानेवर चिकचिक, आणि पायथ्याला पोचेपर्यंत माझा सुती ब्लाऊज पाठीला चिकटला होता. यंत्रावर तापमान फक्त सात अंशांनी चढलं होतं, आर्द्रता मात्र 45 टक्क्यांवरून 70 वर. साखळी, आमोणे, माशेल करत जेवायच्या वेळेला ताईच्या अंगणात गाडी लावली.

ताईचं घर तिच्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं. जांभ्या दगडाच्या भिंती, खिडकीच्या कोनाड्यात ताट मांडून बसता येईल एवढ्या जाड. वर कौलं, त्याखाली लाकडी माळा, मधोमध उघडं राजांगण आणि त्यात तुळस. माळ्यामुळे कौलांची धग खाली उतरत नाही. राजांगणातली तापलेली हवा वर निघून जाते आणि तिची जागा घ्यायला मागच्या परसातली, पोफळींच्या सावलीतली हवा दारांतून आत ओढली जाते. पंखा लावलेला नसताना देवघराच्या दाराचा पडदा सतत आत फुगलेला दिसत होता, तो या ओढीने.

मी ओसरीवर बसून दुपारची वाट पाहत होते. शाळेच्या भूगोलात वाचलेले खारे वारे आणि मतलई वारे: दिवसा जमीन लवकर तापते, वरची हवा हलकी होऊन चढते आणि समुद्रावरची हवा आत येते. रात्री उलट. समुद्र इथून वीसेक किलोमीटर. पणजीत खारा वारा अकराच्या सुमारासच येतो, असं भाऊजी म्हणाले. इथे सव्वा वाजता आला. आधी काहीच हलत नव्हतं, कोंबड्यासुद्धा सावलीत पंख पसरून पडल्या होत्या. मग पश्चिमेकडच्या पोफळींचे शेंडे हलले, तिथून ती हालचाल झाडाझाडाने सरकत अंगणात आली आणि दोरीवरचे टॉवेल एका बाजूला झुकले. तापमान 33 वरून जेमतेम अर्धा अंश उतरलं. अंगाला मात्र पाच अंशांचा फरक वाटला, कारण घाम सुकायला लागला. भाऊजी म्हणाले, "आता पेज जेवून निजायचं. चारपर्यंत कोण उठत नाही." गोव्यातली दुकानं दुपारी बंद असतात याला बाहेरचे लोक आळस म्हणतात. ते दोन तास या हवेत राहणाऱ्यांनी विचारपूर्वक ठरवलेले आहेत, हे मला त्या दुपारी पटलं.

रात्र मात्र अवघड. दहा वाजता 29 अंश, आर्द्रता 82. वारा पडलेला. आकड्यांत पाहिलं तर पुण्याचा मे महिना गोव्यापेक्षा क्रूर: पुण्यात दिवसाचा पारा सरासरी 37-38 च्या घरात, पणजीत 33 च्या आसपास. पण पुण्यात रात्री तो 22-23 पर्यंत उतरतो, पणजीत 26 च्या खाली फारसा जात नाही. हवेतली वाफ गोधडीसारखी असते, जमिनीची ऊब आभाळात निसटू देत नाही. देशावर आभाळ कोरडं आणि उघडं, म्हणून दिवसाची धग रात्री निघून जाते. दुसरं म्हणजे घाम. हवा आधीच पाण्याने भरलेली असली की अंगावरचा घाम उडून जाणार कुठे? मी रात्री नऊला एक पंचा पिळून दोरीवर टाकला. पुण्यात तो तासाभरात खडखडीत वाळतो. सकाळी सहाला ताईच्या ओसरीवर त्याचे काठ अजून ओले होते. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीत तिने मूठभर तांदूळ टाकलेले असतात, तेही याच हवेमुळे. आपलं हवामान खातंसुद्धा सगळ्यांना एक पट्टी लावत नाही: उष्णतेची लाट म्हणायला मैदानी भागात किमान 40 अंश लागतात, किनाऱ्यावर 37 आणि डोंगराळ भागात 30.

तरी मला झोप लागली. जमीन गार होती, मी चटई टाकून तिच्यावरच निजले. तीनच्या सुमारास डोंगराकडून हलका वारा सुरू झाला, मतलई, आणि पाचला 26 अंश झाले तेव्हा मी गाढ झोपेत होते. आकडा नवऱ्याने टिपला.

दुसऱ्या रात्री वीज गेली आणि सगळे ओसरीवर जमले. पणजीहून भाचा आला होता. वाद तिथे खरा रंगला. भाच्याने जगातल्या उत्तम हवेच्या शहरांची यादीच म्हटली: कोलंबियातलं मेदेयीन, चीनमधलं कुनमिंग, दोन्हींना सदा वसंताचं शहर म्हणतात. भाऊजी म्हणाले, "आमच्या काकांचं नैरोबी विसरला?" ते काका तरुणपणी तिथे नोकरीला गेले होते, गोव्यातले कितीतरी लोक तेव्हा पूर्व आफ्रिकेत जात. नैरोबी विषुववृत्ताला जवळजवळ खेटून, तरी जुलैत स्वेटर लागतो, असं ते सांगत. गुपित उंचीत आहे: नैरोबी सुमारे 1800 मीटरवर, कुनमिंग 1900 च्या आसपास, मेदेयीन दीड हजारावर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होतात. बंगळूर याच न्यायाने जिंकतं, 920 मीटर. आमचं पुणं 560 वर अडकलंय.

मी पुण्याची बाजू घेतली. 1928 साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, त्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात, हे सांगून झालं. ताई शांतपणे म्हणाली, "उंचीच हवी तर महाबळेश्वरला राहा. पावसात चार महिने भिंतींना हात लावून बघ." खरंच आहे. तिथे पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर जातो, पुण्यात साडेसातशेच्या आसपास, गोव्यात तीन हजारांच्या घरात. थंडावा आणि कोरडेपणा एकाच ठिकाणी बारा महिने मिळेल अशी जागा सह्याद्रीच्या या बाजूला तरी नाही.

तिसरी रात्र आम्ही भाच्याकडे, पणजीला लागून असलेल्या ताळगावला सहाव्या मजल्यावर काढली. पश्चिमेला पूर्ण काच, समुद्राची रेघ दिसते, फार देखणं घर. आणि रात्री दोनला वीज गेल्यावर एसी बंद पडला तेव्हा यंत्राने 31 अंश आणि 84 टक्के दाखवले. काचेला उघडायला हातभर फट. भाचा पोरांना घेऊन खाली आवारात जाऊन बसला. गोवा तोच, महिना तोच, अंतर तासाभराचंसुद्धा नाही. सकाळी फोंतायन्हसमधून, पणजीच्या जुन्या वस्तीतून, चालत जाताना जुन्या घरांच्या खिडक्या मी थांबून थांबून पाहिल्या. लाकडी चौकटींत शिंपल्यांचे पातळ, दुधी तुकडे बसवलेले. उजेड आत येतो, उन्हाची तिरीप येत नाही. हे ज्याने पहिल्यांदा केलं त्याला या हवेत राहायचं होतं. आताच्या इमारती बांधणाऱ्यांना फक्त विकायचं असतं, असं मला तिथे उभं राहून वाटलं आणि राग आला.

त्याच दुपारी जुन्या गोव्याला गेलो. एकेकाळी पूर्वेतल्या मोठ्या शहरांत गणलं जाणारं हे शहर, आणि आज चर्च, कमानी आणि मोकळी माळरानं. तापाच्या आणि पटकीच्या साथींनी ते ओस पडलं. 1759 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने मुक्काम पणजीला, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात हलवला आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. लोक म्हणत, हवा वाईट आहे. मलेरिया या शब्दाचा इटालियनमध्ये अर्थच तो, वाईट हवा. डासाचा हात आहे हे रोनाल्ड रॉसने 1897 मध्ये सिद्ध केलं, तोवर शहर कधीच उठून गेलं होतं. दोष साचलेल्या पाण्याचा आणि विहिरींत मुरणाऱ्या घाणीचा. मांडवी तीच, आभाळ तेच, दहा किलोमीटरवर पणजी नांदतेय. व्हाइसरॉयच्या कमानीखालून फेरीच्या धक्क्याकडे उतरताना मला आईचा शब्द आठवला. नव्या गावाहून कुणी आलं की ती विचारायची, "तिकडचं हवापाणी मानवलं का?" तिच्या तोंडी तो एकच शब्द होता.

आज कुणी विचारलं तर मी बेळगाव पहिलं म्हणेन, आणि दुसरं ताईचं घर. गोवा नाही म्हणत, ताईचं घर म्हणतेय. ते घर पाडून तिथे कुणी काचेची इमारत उठवली, तर म्हार्दोळच्या हवेला मी शेवटचा नंबर देईन.

पुण्यात रात्री साडेदहाला पोचलो. बाहेर छान झुळूक होती. कुलूप काढून झोपायच्या खोलीत गेले आणि पश्चिमेच्या भिंतीवर तळवा ठेवला. तव्यावरून उतरवून थोडा वेळ झालेल्या भाकरीसारखी ऊब. आत 33 अंश, आर्द्रता 31. पहाटे पाचला गॅलरीत 23 आणि खोलीत अजून 30. आम्ही राहायला आलो तेव्हा या भिंतीसमोर चिंचेची तीन झाडं होती. रस्ता रुंद झाला तेव्हा ती गेली, आणि पुण्याची रात्र आमच्या खिडकीबाहेरच अडून राहिली. नवरा म्हणाला, कुठेही जायचं ठरो, या भिंतीबाहेर बांबूचा पडदा या रविवारी लावायचाच.

ताईचा फोन आला होता. तिचं म्हणणं, तू अर्धीच परीक्षा घेतलीस. आषाढात ये, कपाटाला बुरशी चढते तेव्हा ये, आठ दिवस ऊन दिसत नाही तेव्हा ये आणि मग सांग. ते रास्तच आहे. वहीत आषाढाची पानं मी आखून ठेवलीत. पाऊस सुरू व्हायच्या आत आमच्यासाठी दोन गोधड्या उन्हात घालून ठेवते, म्हणालीय.