वीटभट्टीवरच्या मुलांची शाळा: मदतीचा पैसा कुठे घालावा

दिवाळी झाली की कर्जत, सुधागड, पेण, मुरबाड, शहापूर या भागांतल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. कुटुंबानं पावसाळ्यात उचल घेतलेली असते. ती फेडायला कोणी भिवंडी, कल्याण, पनवेलच्या वीटभट्ट्यांवर जातं, कोणी घाटावर किंवा थेट कर्नाटकात रानात लाकडाचा कोळसा पाडायला. परत येणं पावसाच्या तोंडावर. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि एप्रिलअखेर संपतं, म्हणजे मुलाच्या हाती सलग शाळा लागते ती चार-साडेचार महिन्यांची. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती केंद्र सरकारनं विशेष असुरक्षित म्हणून नोंदल्या आहेत, त्यात कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत. त्यांच्या मुलांसाठी काही करावं असं अनेकांना मनापासून वाटतं, आणि बहुतेक मदत दप्तरं-वह्यांपाशी येऊन थांबते.

दप्तर नाही म्हणून हे मूल शाळेतून सुटत नाही. ते सुटतं दोन सांध्यांवर: दिवाळीनंतर वाडी सोडताना आणि जूनमध्ये परत येताना. मदतीचा पैसा या दोन सांध्यांवर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पगारात घालावा, असं माझं ठाम मत आहे.

काम सुरू करायचं ते भट्टीवर नाही, वाडीवर, आणि तेही सप्टेंबर-ऑक्टोबरात. घरोघर जाऊन यादी करायची. मुलाचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जसं आहे तसंच, काना-मात्रेसकट. जन्मतारीख, इयत्ता, यू-डायसवरचा (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला) विद्यार्थी क्रमांक, आईबापाचा आणि शेजारच्या एका घराचा मोबाइल नंबर (एक तरी हंगामात बंद पडतोच), कुठल्या गावच्या भट्टीवर जाणार, मुकादम कोण. मग शाळेकडून प्रत्येक मुलाचं शिक्षण हमी पत्रक भरून घ्यायचं. मूल कितवीत आहे आणि त्याला काय येतं हे त्यावर असतं, आणि ते दाखवलं की दुसऱ्या गावच्या शाळेला त्याला बसवून घेणं सोपं जातं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला उशिरा आला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हे मुख्याध्यापकांना सांगताना भांडणाचा सूर लावू नये. त्यांची अडचण खरी असते: मूल दोन शाळांच्या पटावर दिसलं तर वरून विचारणा होते. म्हणून नाव मूळ शाळेतच ठेवायचं, भट्टीजवळच्या शाळेनं हमी पत्रकावर हजेरी मांडायची आणि ती महिन्याच्या महिन्याला मूळ शाळेत पोचवायची. हे पोचवण्याचं काम कोणाचंच नसतं. ते संस्थेनं आपलं मानावं.

शक्य तिथे मूल जिल्हा परिषदेच्या शाळेतच घालावं. तिथे त्याला पोषण आहार मिळतो: पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. पण धान्य पटावरच्या आकड्यावर येतं. अचानक पंधरा मुलं वाढली की ते पुरत नाही आणि बाहेरची मुलं उपाशी बसतात किंवा येणं बंद करतात. संख्या केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) आधीच लेखी कळवली तर हे टळतं. मधे हायवे किंवा रेल्वेरूळ असेल, तर ने-आण करणारी एक बाई किंवा रिक्षा हाच सगळ्यात मोलाचा खर्च.

शाळा खरंच लांब असेल तर भट्टीवरच वर्ग भरवावा. यात नवं काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. विधायक संसद या संस्थेनं नव्वदच्या दशकात ठाणे जिल्ह्यातल्या भट्ट्यांवर भोंगाशाळा सुरू केल्या. भोंगा म्हणजे मजुरांची तात्पुरती झोपडी. पंचवीस मुलांना साधारण २० बाय १५ फुटांचा मांडव पुरतो: बांबू, वर ताडपत्री, तिच्यावर शेडनेट. नुसती ताडपत्री घातली तर फेब्रुवारीपासून आत बसवत नाही. जागा वाऱ्याच्या वरच्या अंगाला निवडावी, नाहीतर तूस आणि कोळशाचा धूर थेट आत येतो. ट्रॅक्टर वळतो तिथून लांब असावी. पिण्याचं पाणी झाकलेल्या पिंपात. मुलींसाठी आडोसा पहिल्या दिवसापासून हवा, नंतर बघू म्हटलं की राहून जातो.

मालकाची परवानगी आधी घ्यावी. तो बिचकतो कारण पोरं विटा उलटताना दिसली तर बालमजुरीची, आणि उचलीची चौकशी झाली तर वेठबिगारीची केस होईल, अशी त्याला भीती असते. शाळेच्या परवानगीच्या बदल्यात या गोष्टींवर गप्प राहण्याचं वचन मात्र कधीही देऊ नये.

वेळेचं गणित भट्टीवर अवलंबून. माती आणि गारा पहाटे अंधारातच सुरू होतो, ऊन चढेपर्यंत विटा पाडल्या जातात. त्या वेळात मोठी मुलगी तान्ह्या भावंडाला सांभाळत असते. तिला भावंडासकट येऊ दिलं नाही तर ती येणारच नाही, म्हणून वर्गाच्या कडेला झोळी आणि एक मदतनीस ठेवावी. मदतनीस कातकरी असावी. मूल घरी कातकरी बोलतं, ती मराठीला जवळची असल्यानं शिक्षकाला वाटतं मूल चुकीचं मराठी बोलतंय, आणि तो दर वाक्याला टोकतो. चार दिवसांत मूल गप्प होतं. मदतनीसानं गोष्ट आधी कातकरीत सांगितली आणि मग शिक्षकानं मराठीत वाचली तर ती मुलांना कळते.

गट इयत्तेनुसार करू नयेत. चौथीतलं मूल अक्षरांवर अडकलेलं असू शकतं. एकेकाला जवळ बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं वाचायला द्यायचं. जिथे अडेल तो त्याचा गट. एका मुलाला पाच-दहा मिनिटं लागतात. दर महिन्याला पुन्हा तपासून गट बदलायचे. पंचवीस मुलांमागे एक पगारी शिक्षक हवा. शनिवार-रविवारी येणाऱ्या स्वयंसेवकांवर वर्ग उभा राहत नाही, कारण भट्टीवर रविवारची सुट्टी असतेच असं नाही आणि आठवडेबाजाराच्या दिवशी कोणीच जागेवर नसतं. होळीला बरीच कुटुंबं वाडीवर जातात. त्या आठवड्यानंतर कोण परतलं नाही ते लगेच बघावं.

कोळशाच्या कामावर यातलं फारसं काही चालत नाही. रानात दोन-तीन कुटुंबांचा तळ, तोही हलता. त्या मुलांना जूनमध्येच आश्रमशाळेत घालणं किंवा हंगामापुरतं वाडीवर आजी-आजोबांकडे ठेवून त्यांच्या जेवणाचा खर्च उचलणं, हे दोनच मार्ग. दुसरा स्वस्त आहे आणि घरापासून तुटणं नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी कोणी जाऊन बघायला हवं.

कागदांचं काम लोकांना कंटाळवाणं वाटतं, देणगीदारांना तर फारच. तरी सगळ्यात लांब पल्ल्याचं काम तेच आहे. बाळंतपण घरी झालेलं असतं, जन्माची नोंद नसते. अंगणवाडीचं रजिस्टर किंवा आरोग्यसेविकेची नोंद शोधून तीच तारीख शाळेत आणि आधारवर जाईल हे बघावं. जातीच्या रकान्यात ‘कातकरी’ किंवा ‘काथोडी’ असं अनुसूचित जमातींच्या यादीतलं नाव हवं. नुसतं ‘हिंदू’ किंवा ‘आदिवासी’ लिहिलेलं असेल तर दहावीनंतर जातीचा दाखला आणि पुढे पडताळणी अडते. ६ सप्टेंबर १९५० (अनुसूचित जमातींसाठी ठरलेली तारीख) पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो तेव्हा या घरांकडे सातबारा नसतो, आजोबांचा शाळेचा दाखलाही नसतो. बापाचं नाव एकीकडे काळू, दुसरीकडे काळूराम असलं तरी फेऱ्या सुरू होतात. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत होऊ शकते, शाळा सोडल्यावर ती फार जड जाते. तहसीलला जायचं तर बापाचा दिवसाचा रोज बुडतो. तो आणि गाडीभाडं संस्थेनं द्यावं.

देणगी देणाऱ्यांनी अहवालात एकच आकडा मागावा: मार्चमध्ये भट्टीवर शिकत असलेल्या मुलांपैकी जुलैच्या शेवटी किती जण आपल्या वाडीच्या शाळेत, पुढच्या इयत्तेत, रोज बसताहेत. मे अखेरीस काम थांबवणाऱ्या संस्थांना हा आकडा सांगता येत नाही. जून-जुलैचा पगार अंदाजपत्रकात वेगळा दाखवलेला आहे का, ते पैसे देण्याआधी बघा. त्या दोन महिन्यांत कार्यकर्त्यानं दिवाळीआधी केलेली तीच यादी घेऊन वाडीवर जायचं असतं, आणि सहावी-सातवीतल्या मुलींची नावं आधी तपासायची असतात. सतत गैरहजर म्हणून त्यांच्याच नावांवर शेरा सगळ्यात लवकर पडतो.