पाठकोऱ्यांची वही

पाठकोरा कागद टाकायचा नाही, हा नियम आमच्या घरात कुणी कधी तोंडानं सांगितला नाही आणि कुणी कधी मोडलाही नाही. वडिलांच्या कचेरीतली परिपत्रकं, सोसायटीच्या सभेच्या नोटिसा, शाळेतून आलेली पत्रकं, या सगळ्यांची एक बाजू ज्याची त्याची आणि दुसरी आमची. आईची वाणसामानाची यादी, इस्त्रीच्या कपड्यांचा हिशोब, माझी गणितं, सगळं त्या दुसऱ्या बाजूवर. लग्नपत्रिकेचं पाकीट उसवून सपाट केलं की आतल्या बाजूवर दुधाचा अख्खा महिना मावायचा. गांधीजी आलेली पाकिटं उलगडून त्यांच्या आतल्या बाजूवर लिहीत, हे मी कधीतरी मोठ्या कौतुकानं घरी सांगितलं. "मग काय, कोरं टाकून द्यायचं?" एवढंच आई म्हणाली.

मे महिन्यात या नियमाला ऊत येई. निकाल लागला की वर्षभराच्या वह्या पुढ्यात घेऊन वडील बसत आणि उरलेली कोरी पानं निघत. पानं फाडायची नाहीत, पिना उघडून जोडीजोडीनं सोडवायची, कारण पुढचं एक पान फाडलं की मागचं त्याचं जुळं मोकळं होतं. भूगोलाची वही दरवर्षी निम्मी कोरी निघायची, त्यावरून शाळेत काय शिकवलं जात होतं याचा अंदाज यावा. मग दाभण, दोरा आणि वरून जुन्या कॅलेंडरचं कव्हर, की झाली रफ वही. तिच्यात आधी एकरेघी पानं, मग दुरेघी, मग अचानक चौकटी, मधेच प्रयोगवहीचं एका बाजूनं बिनरेघी जाडसर पान. नव्या वहीला खाकी कव्हर, नाव, इयत्ता, तुकडी असा थाट असायचा. रफ वहीला नावसुद्धा नाही. आणि शाळेतलं माझं जे काही स्वतःचं लिखाण होतं, म्हणजे मास्तरांची चित्रं, क्रिकेटचे धावफलक, दोन-तीन कविता, ते सगळं रफ वहीत.

आज हातानं वही करायची म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे वेगळंच काहीतरी येतं. रद्दी भिजवायची, मिक्सरमधून काढायची, जाळीच्या चौकटीवर कागद धरायचा, त्यात झेंडूच्या पाकळ्या सोडायच्या आणि वर सुतळीची गाठ. हा उद्योग मीही केला. घरातल्या मिक्सरपाशी गेलो तेव्हा आईनं भांड्यावर हात ठेवूनच विचारलं, "आणि उद्या यात चटणी कोण वाटणार?" शेवटी जुन्या बाजारातून एक थकलेला मिक्सर आणला.

आईला लगद्याचं मुळीच अप्रूप नव्हतं. तिच्या माहेरी जुने कागद भिजवून, मेथ्या घालून उखळात कुटत आणि पालथ्या घागरीवर थापून टोपल्या करत. मेथीनं लगदा चिकट होतो आणि कसर लागत नाही. टोपलीसाठी लगदा घट्ट लागतो, कागदासाठी मात्र ताकाहून पातळ. जुन्या फोटोफ्रेमला खिडकीची जाळी ठोकली की चौकट तयार. ती टबात तिरकी बुडवायची, आडवी करून उचलायची आणि पाणी गळत असतानाच उजवीडावीकडे, पुढेमागे हलवायची, म्हणजे तंतू एकमेकांत अडकतात. मग जुन्या धोतराच्या तुकड्यावर चौकट पालथी घालून दाबायची. यात डिंक वगैरे काही लागत नाही. पाणी निघून जाताना तंतूच एकमेकांना धरून बसतात, पुन्हा भिजवले की सुटतात. मात्र दर फेरीला ते थोडे तुटतात, आखूड होतात. पाच-सात फेऱ्यांनंतर कागद धरून ठेवण्याची ताकद त्यांच्यात उरत नाही.

माझा कागद दिसायला देखणा झाला होता. करडा रंग, दातेरी कडा, मधे कुठेतरी मथळ्यातला अर्धा 'क्ष' शाबूत. पण शाईचं पेन टेकवलं आणि अक्षराला पाय फुटले. नुसत्या लगद्याचा कागद शाई पिऊन टाकतो, त्याला खळ द्यावी लागते. आमचे जुने कागद करणारे नेमकं हेच करत. कागदाला खळ लावायची, वाळवायचा आणि गुळगुळीत दगडानं घोटून घोटून त्याला तुकतुकी आणायची, म्हणजे बोरू त्यावरून न अडखळता चालतो. जुन्नर त्यासाठी नावाजलेलं, दौलताबादजवळ तर कागजीपुरा नावाचं गावच आहे, आणि पुण्यात कसबा पेठेतला कागदीपुरा रिक्षावाल्याला आजही सांगता येतो. यांचा कच्चा माल म्हणजे जुने दोर, गोणपाटं, चिंध्या. कागदाच्या शोधाचं श्रेय ज्याला देतात त्या चीनमधल्या त्साय लुनच्या नावावर इ. स. १०५ ची जी नोंद आहे तिच्यातही झाडाची साल, तागाचे तुकडे, चिंध्या आणि मासे धरायची जुनी जाळी आहेत. लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास झाला तो एकोणिसाव्या शतकात. त्यामुळे टाकाऊपासून केलेल्या कागदाला 'वेगळा' म्हणून शंभर रुपये जास्त लावतात तेव्हा मला गंमत वाटते. हजारभर वर्षं वेगळा तो नव्हताच.

हातकागदाबद्दल मला आदर आहे. १९३४ साली वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा त्याच्या कामांत कागद होता, आणि पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांचा तिथला जाड कागद हातात घेतला की लगेच लिहायला बसावंसं वाटतं. पण तो चिंध्यांचा. माझा वर्तमानपत्रांचा, आणि वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य तसंच राहिलेलं असतं, ऊन आणि हवा लागली की ते पिवळं पडतं. आधीच पिवळ्या पडायला निघालेल्या कागदाला भिजवून, दळून, वाळवून पुन्हा पिवळं पडायला ठेवायचं, यात माझं मन रमेना. त्यातून पावसाळ्यात पुण्यात एक ताव सुकायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दुसऱ्यावर बुरशी धरते. शाळेतल्या मुलांना एकदा हे जरूर करू द्यावं. पण ज्याची एक बाजू अजून जिवंत आहे त्या कागदाला मिक्सरमध्ये घालायला माझा हात धजत नाही.

म्हणून मी पाठकोऱ्यांकडे वळलो. हल्ली त्यांना तोटा नाही. ऑफिसच्या प्रिंटरशेजारी ढीग असतो. चुकीच्या समासानं निघालेला अहवाल, तीनदा छापलेलं तेच तिकीट, सगळी हकिकत आधीच्या पानांवर संपून फक्त 'आपला विश्वासू' उरलेलं पान. अडचण एकच, छापील बाजूचं करायचं काय. त्यावर जुना पौर्वात्य तोडगा आहे. चीन-जपानमध्ये कागद पातळ असल्यामुळे एकाच बाजूला छापत, छापील बाजू बाहेर ठेवून ताव मधे दुमडत आणि सुट्या कडा शिवत. घडी राहते बाहेर, बोटाला लागते ती. आपण उलट करायचं, छापील बाजू आत. प्रत्येक पान दुहेरी, दोन्हीकडून कोरं, आणि ऑफिसचा अहवाल घडीच्या पोटात बंद.

घडी घालताना कागदाचा कल बघावा लागतो. कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेनं झोपलेले असतात. त्या दिशेनं घडी घातली तर ती निमूट बसते, आडवी घातली तर कुरकुरते आणि वही उघडी राहत नाही, सारखी मिटायला बघते. प्रिंटरच्या ए-फोर कागदात कल साधारण लांबीच्या दिशेनं असतो. सगळे जण घालतात ती मधली आडवी घडी म्हणून ताठ होते. मी उभी घालतो आणि चमच्याच्या पाठीनं घोटतो. वही होते निमुळती, वीतभर उंचीच्या वर, साडेदहा सेंटीमीटर रुंदीची. अशा आकाराच्या वह्या पूर्वी दुकानदाराच्या गादीशेजारी असत.

मग सुट्या कडा ठोकून सारख्या करायच्या, कडेपासून सेंटीमीटरभर आत दाभणानं भोकं पाडायची आणि दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढून घेऊन शिवायचं. मेणानं दोरा गुंतत नाही. पुठ्ठ्यासाठी लग्नपत्रिकांसारखं दुसरं काही नाही. इतका जाड, इतका गुळगुळीत कागद लोक एका संध्याकाळच्या जेवणासाठी पाठवतात. प्रश्न गणपतीचा येतो. पत्रिकेवरचा गणपती कापावा तर बरं वाटत नाही, ठेवावा तर वही जमिनीवर ठेवता येत नाही. आई ते गणपती अलगद काढून एका डब्यात ठेवते. डब्याचं पुढे काय करायचं हे अजून घरात ठरलेलं नाही, पण तो भरत आला आहे. कण्यावरची कापडपट्टी चिकटवायला मैद्याची खळ. बाइंडर तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी, त्यामुळे मी त्या फंदात पडत नाही, ताजी खळ करून त्याच दिवशी संपवतो. दुकानाच्या गुळगुळीत पावत्या कुठेही वापरायच्या नाहीत, उष्णता लागली की त्या काळ्या पडतात.

अशी वही उजेडासमोर धरली तर आतलं छापील उलटं दिसतं. पहिल्यांदा ते खुपलं, आता मी ते वाचत बसतो. माझ्या एका नोंदीच्या पोटात लिफ्टच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक आहे, दुसरीच्या पोटात कुणाच्या तरी रजेचा अर्ज. जपानमध्ये कितीतरी जुनी पत्रं आणि कागदपत्रं एवढ्याचसाठी टिकली की कुणीतरी त्यांची पाठ दुसऱ्या लिखाणाला वापरली. समोरचं जपायचं म्हणून मागचं जपलं गेलं. युरोपातही जुन्या पुस्तकांचा कणा उसवला की आत अस्तर म्हणून लावलेली त्याहून जुनी पानं सापडतात. लिफ्टच्या अंदाजपत्रकाला एवढं भाग्य लाभेल असं वाटत नाही, आणि माझ्या नोंदींना तर नाहीच.

माझ्या कपाटात कातडी बांधणीची एक सुंदर डायरी आहे, भेट आलेली. तिची पानं इतकी शुभ्र आहेत की तिच्यात पहिलं वाक्य काय लिहावं ते मला सुचलेलं नाही. निमुळत्या वहीत असला काही प्रश्न येत नाही. जिच्या प्रत्येक पानाच्या आत आधीच काहीतरी फुकट गेलेलं आहे, तिच्यात आपलं आणखी थोडं गेलं तर बिघडलं काय? पहिल्याच पानावर मी खळीचं प्रमाण लिहिलं होतं, पुढच्यावर एका स्वप्नाच्या तीन ओळी, त्याखाली प्लंबरचा नंबर.

लिहिलं होतं, असं म्हणायचं कारण ती वही आता माझ्याकडे नाही. गेल्या आठवड्यात टेबलावर दिसेना म्हणून शोधली तर आईच्या उशाशी सापडली. निमुळता आकार तिला भिशीच्या हिशोबाला फार सोयीचा वाटला. माझी लिहिलेली पानं तिनं फाडली नाहीत. त्यांच्यावर कोपऱ्यात 'रद्द' असं नीट लिहून पुढच्या पानापासून बायकांची नावं घातली होती.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "पुढची करशील तेव्हा रेघा मारून दे. आणि भोकं जरा आत पाड, आकडे शिवणीत जातात."