शाळा जूनमध्ये मिळाली, दाखला गणपतीनंतर

नवऱ्याची बदली देवगडला झाली तेव्हा जो भेटेल तो आधी एकच विचारायचा, "लेकीच्या शाळेचं काय?" ती पुण्यात एका खासगी इंग्रजी शाळेत पहिली संपवून दुसरीत जाणार होती. घर मिळालं, सामानाचा टेम्पो फोंडाघाट उतरून सुखरूप आला, गॅस लागला, वायफाय लागलं. त्यातलं काहीच सांगण्यासारखं नाही. सांगायचंय ते एका कागदाबद्दल. शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला आपण सगळे एलसी म्हणतो. त्याचं नाव काढलं की अजून माझं डोकं तापतं. बदलीवर कोकणात येणाऱ्या दुसऱ्या कुणाला हा ताप होऊ नये म्हणून लिहितेय.

शाळा निवडणं त्या मानाने सोपं गेलं. एक इंग्रजी शाळा होती, पण व्हॅनने लांब. इकडचे रस्ते म्हणजे चढ, उतार आणि वळणं. जुलैच्या पावसात सात वर्षांच्या पोरीला रोज तेवढा प्रवास करायला लावायचा नाही हे आम्ही दोघांनी लगेच ठरवलं. दुसरी जवळच्या मोठ्या गावातली अनुदानित सेमी-इंग्रजी शाळा, नावाजलेली. तिसरी आमच्या वाडीतली जिल्हा परिषदेची, घरातून हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. पहिली पसंती सेमी-इंग्रजीला होती.

त्या शाळेत गेलो. कार्यालयात सांगितलं, "आधी एलसी आणा, मग प्रवेशाचं बघू." पुण्याच्या शाळेला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "आधी नव्या शाळेचं पत्र आणा, मग एलसी देऊ." परत नव्या शाळेत गेलो. "पत्र प्रवेश झाल्यावर मिळतं, प्रवेश एलसीवर होतो." दोन्ही ठिकाणची माणसं आपापल्या खुर्चीत बसून आपापला नियम सांगत होती आणि मधल्या मधे मुलगी बिनशाळेची. वर पुण्याच्या शाळेने नवीनच काढलं: शाळा सोडत असल्याचं फेब्रुवारीत कळवलं नाही म्हणून पुढच्या वर्षाच्या पहिल्या सत्राची फी भरा. बदलीचा आदेशच मे महिन्यात आला, तर फेब्रुवारीत काय कळवायचं होतं? संपलेल्या वर्षाची पै न् पै भरलेली, पावत्या माझ्या फाइलमध्ये. ज्या वर्गात मुलगी एक दिवसही बसणार नाही त्या वर्गाची फी मागत होते, आणि ती मिळेपर्यंत दाखला अडवून धरला होता.

15 जूनला शाळा सुरू झाल्या. वाडीतली सगळी मुलं नवी दप्तरं घेऊन घरावरून गेली आणि आमची दारात उभी. शेजारच्या काकूंनी विचारलं, "चेडवाक खंयच्या शाळेत घातलंस गो?" मला उत्तर देता येईना. काकूच म्हणाल्या, "बाईंका विचार तरी."

विचारायला गेले. चिऱ्याची, कौलारू शाळा. पडवीत चपलांची ओळ, आत मोठ्या बाई तिसरी-चौथीला गणित घालून देत होत्या आणि त्याच वेळी पहिलीतल्या एकाला अक्षर गिरवून देत होत्या. मी सगळं रामायण सांगितलं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून पाठवा हिला. जन्माचा दाखला आणि आधारची झेरॉक्स द्या. एलसी येईल मागाहून." मी विचारलं, "चालेल?" त्या म्हणाल्या, "चालेल काय, तसा कायदाच आहे."

आहेच. 2009 चा शिक्षण हक्क कायदा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्याचं कलम 5 काढून वाचा. मूल कुठल्याही कारणाने एका शाळेतून दुसरीकडे जात असेल तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही, नाकारताही येत नाही. दाखल्याला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, हेही त्याच कलमात आहे. एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या: हा बदलीचा हक्क सरकारी, जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत जाण्यासाठी आहे. विनाअनुदानित खासगी शाळेत जायचं असेल तर त्यावर जोर धरता येत नाही. पण आम्हाला एलसीवाचून परत पाठवणारी ती सेमी-इंग्रजी शाळा अनुदानित होती! तिला हे कलम पूर्ण लागू होतं. हे कळल्यावर त्या शाळेत मुलीला घालण्याची माझी इच्छाच गेली.

मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात बसली. पण गोष्ट तिथे संपत नाही, कारण दाखला नुसता कागदाचा राहिलेला नाही. मुलाचं नाव सरल (राज्याची) आणि यू-डायस (केंद्राची) या दोन्ही ऑनलाइन नोंदींत असतं. नव्या शाळेने ट्रान्सफरची रिक्वेस्ट टाकायची, जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी ती मंजूर करायची, तेव्हा नाव इकडच्या पटावर येतं. जुन्या शाळेने काहीच केलं नाही तर मूल बसतं इथे आणि कागदोपत्री राहतं तिथे.

रिक्वेस्ट टाकायला जुन्या शाळेचा यू-डायस कोड लागतो. 11 आकडी असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, आणि प्रगतिपुस्तकावर बहुतेक वेळा छापलेला असतो, म्हणून प्रगतिपुस्तक टाकू नका. आमच्या वाडीत पावसात रेंज मिळणं नशिबाचा भाग. लाइट गेली की टॉवरही जातो. बाई शाळा सुटल्यावर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जायच्या, तिथे दोन काड्या मिळतात. एकदा मीही बरोबर गेले. वारा असा की छत्री उलटत होती, मी ती दोन्ही हातांनी धरून उभी, बाई मोबाइलवर एकेक आकडा टाकतायत आणि मी ओरडून कोड सांगतेय. रिक्वेस्ट गेली. पुढे आठवड्यामागून आठवडे तीच ओळ दिसायची: प्रलंबित.

बाईंना एवढी घाई का, हे मला नंतर समजलं. शाळेत किती शिक्षक ठेवायचे हे 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतं. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिकला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. पण पट फारच घसरला की दुसऱ्या शिक्षकाचं पद टिकेल की नाही ही धास्ती कोकणातल्या प्रत्येक छोट्या शाळेला असते. मुंबईला गेलेली घरं, बंद दारं, वर्गात तीन-चार मुलं. अशा ठिकाणी एक नाव पटावर येणं म्हणजे काय ते शहरातल्या शाळेला कळायचं नाही. माझ्या मुलीचं नाव तिकडे अडकून पडलं होतं तर नुकसान एकट्या आमचं नव्हतं, सगळ्या वाडीचं होतं. म्हणून मला त्या शाळेचा राग जास्त आला आणि अजून आहे.

फोन करणं मी जुलैतच सोडून दिलं. फोनवर दर वेळी वेगळी व्यक्ती वेगळं सांगायची, "सर मीटिंगमध्ये आहेत", "सॉफ्टवेअर बंद आहे". मग लेखी सुरू केलं. अर्जात कलम 5 चा उल्लेख, सोबत बाईंनी दिलेलं दाखला मागणीचं पत्र, फीच्या पावत्यांच्या झेरॉक्स, सगळं स्पीडपोस्टने. प्रत तिकडच्या शिक्षण विभागाला, प्रत इथल्या पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. इथल्या विस्तार अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला, आवक क्रमांक टाकून माझ्या प्रतीवर शिक्का मारला आणि माझ्यासमोर जुन्या शाळेला पत्र तयार करायला सांगितलं. त्या पत्रानंतर फीचा विषय कुणी परत काढलाच नाही. माफी नाही, खुलासा नाही, नुसता विषय बंद.

गणपतीत पाच दिवस गावात कुणीच कुठलं काम करत नाही, मीही केलं नाही. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि त्यानंतर पुण्याहून पाकीट आलं. उघडून बघते तर जन्मस्थळाच्या रकान्यात तालुका चुकलेला! पुन्हा फोन, पुन्हा मेल. या वेळी मात्र दुरुस्त दाखला पटकन आला आणि ऑनलाइन रिक्वेस्टही मंजूर झाली, 30 सप्टेंबरच्या आत. बाईंनी जनरल रजिस्टर काढून माझ्यासमोर नाव लिहिलं. मला रडू आलं, आणि त्याची मला काही लाज वाटत नाही.

दाखला हातात पडला की जागच्या जागी वाचा. आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी, जन्मस्थळाचं गाव-तालुका-जिल्हा, धर्म आणि जात. पुढे जातीच्या दाखल्याला, पडताळणीला हाच कागद मागतात, तेव्हा एक वेलांटीसुद्धा महागात पडते. मूळ प्रत नवी शाळा ठेवून घेते, म्हणून आधी झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो ठेवा.

आधारचं सांगायचं राहिलं. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारमध्ये मुलाचे बोटांचे ठसे नसतात, पाच पूर्ण झाल्यावर ते द्यावे लागतात. ते शहरातून निघायच्या आधीच उरका. आणि आधारवरचं नाव शाळेतल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळू द्या, नाहीतर ऑनलाइन नोंद तिथेच अडकते.

शाळा बघायला जाल तर दुपारी जा, खिचडीच्या वेळेला. मदतनीस काकू कशा वाढतात, मुलं हात कुठे धुतात, नळाला पाणी आहे का, मुलींच्या संडासाला कडी आहे का, हे त्या अर्ध्या तासात दिसतं. आमच्या शाळेत काकू उसळीवर ओलं खोबरं घालतात, ते आपल्या घरच्या माडाचं. फेब्रुवारीनंतर विहिरीला पाणी राहतं का हेही विचारा. घर भाड्याने घ्यायच्या आधी शाळेची वाट पायी चालून बघा. वाटेत पऱ्या, म्हणजे ओहोळ, असेल तर त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, आहे का आणि जुलैत तो पाण्याखाली जातो का, हे गावातल्या माणसाला विचारा, घरमालकाला नको. मुलाची किंवा तुमची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवायचं कुणी म्हणालं तर कलम 13 प्रमाणे त्याला बंदी आहे, देणगीलाही.

माध्यम बदलल्याची भीती मलाही होती. तिला जोडाक्षरं येत नव्हती, 'त्र' आणि 'ज्ञ' बघून थांबायची. कुणी सुचवलं, परत पहिलीत बसवा. बाईंनी साफ नाही म्हणून सांगितलं आणि तिला दुसरीतच ठेवून रोज मधल्या सुट्टीनंतर थोडा वेळ वेगळं वाचायला घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत तिने मला एसटीवरची पाटी वाचून दाखवली, 'देवगड-कुडाळ'. मालवणी तर ती माझ्यापेक्षा चांगली बोलते.

अर्जाचा मजकूर मी असा लिहिला होता, हवा तर जसाच्या तसा घ्या: "माझी मुलगी (नाव, इयत्ता, रजिस्टर नंबर) हिने आमच्या बदलीमुळे आपली शाळा सोडली असून (नव्या शाळेचं नाव, यू-डायस कोड) येथे प्रवेश घेतला आहे. मागील वर्षाची संपूर्ण फी भरली असून पावत्या सोबत जोडल्या आहेत. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 5 प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला ताबडतोब द्यावा व ऑनलाइन ट्रान्सफर मंजूर करावी. विलंब झाल्यास त्याचं कारण लेखी कळवावं." ते शेवटचं वाक्य गाळू नका. खाली तारीख, सही, फोन नंबर. दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.