थोरल्याचं काम

४ मार्च, रात्री

आज शांपोलियाँची पुण्यतिथी. १८३२ साली याच तारखेला तो पॅरिसमध्ये गेला. वय ४१. इजिप्तची चित्रलिपी वाचणारा माणूस म्हणून त्याचं नाव शाळेच्या पुस्तकातही असतं. पण गेले काही दिवस माझ्या मनात घर करून बसलाय तो त्याचा थोरला भाऊ, झाक-जोझेफ.

दोघांत बारा वर्षांचं अंतर. फ्रान्समधल्या फिजाक नावाच्या लहानशा गावातलं घर. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत जायची थोरल्याची फार इच्छा होती, पण त्याची निवड झाली नाही. पुढे त्याने धाकट्याला ग्रनोबलला आपल्याजवळ आणलं, पुस्तकं दिली, शिक्षक गाठून दिले. स्वतःची राहिलेली हौस त्याने भावावर लादली नाही, एवढं त्यांची पत्रं सांगतात. धाकट्याला मुळातच वेड होतं, थोरल्याने त्याला खतपाणी घातलं. पॅरिसला शिकायला गेल्यावर धाकट्याची पत्रं यायची, पैसे पाठव, कपडे पाठव. आणि त्याच पत्रांत कॉप्टिक भाषेचं वेड. १८०९ मध्ये तो भावाला लिहितो की मनात येईल ते सगळं मी गंमत म्हणून कॉप्टिकमध्ये करून बघतो, स्वतःशी कॉप्टिक बोलतो. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, खिशात दमडी नाही आणि तोंडात इजिप्शियन ख्रिस्ती लोकांच्या पूजापाठाची, जुन्या इजिप्शियनमधूनच उतरलेली भाषा!

ते वेडच कामी आलं. थॉमस यंग या इंग्रज विद्वानाने काही चिन्हं आधी ओळखली होती, ते श्रेय त्याचं त्याला द्यायलाच हवं. पण इजिप्तवर राज्य केलेल्या ग्रीक राजांची नावं अक्षरांनी लिहिलेली आहेत, एवढ्यावरच बहुतेकांची गाडी अडत होती. १४ सप्टेंबर १८२२ च्या सकाळी शांपोलियाँसमोर इजिप्तमधल्या अबू सिंबलच्या देवळातल्या कोरीव लेखांची चित्रं होती. लंबगोल चौकटीत एक नाव. आधी सूर्याचं बिंब, मग एक चिन्ह, मग दोनदा 'स'. सूर्याला कॉप्टिकमध्ये 'रे' म्हणतात. रे... स, स. रामसेस! दुसऱ्या चौकटीत सूर्याच्या जागी आयबिस पक्षी, म्हणजे थोथ देवता, आणि पुढे तेच मधलं चिन्ह. थोथमेस. ग्रीकांच्या कितीतरी शतकं आधीचे, अस्सल इजिप्शियन राजे.

हा उतारा मी कितीदा वाचला असेन, तरी प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो. घराण्यात सांगत आलेली गोष्ट अशी की तो कागद घेऊन धावत सुटला, थोरला काम करत होता त्या खोलीत शिरला, "सापडलं!" म्हणाला आणि बेशुद्ध पडला. पाच दिवस अंथरुणावर होता. तो धावला ते भावाकडे. पॅरिसच्या विद्वानांच्या अकादमीपुढे ते मांडलं नंतर, २७ सप्टेंबरला.

पुस्तकांवर तो स्वतःला 'धाकटा शांपोलियाँ' म्हणवायचा. थोरल्याने मात्र आपल्या नावाला गाव जोडलं, शांपोलियाँ-फिजाक. आपल्याकडे 'कर' लावतात तसं. म्हणून आज नुसतं 'शांपोलियाँ' म्हटलं की जगाला धाकटाच आठवतो.

१८२८-२९ मध्ये तो अखेर इजिप्तला गेला. अबू सिंबलच्या देवळात वाळूतून सरपटत शिरला, आत हमामखान्यासारखी धग. राजांच्या दरीत तर चौथ्या रामसेसच्या थडग्यातच मुक्काम ठोकला. नवीन वर्षाच्या दिवशी वादी हल्फाहून त्याने पॅरिसला कळवलं की आपल्या वर्णमालेत बदलायला काही नाही. परतल्यावर दोन वर्षंच मिळाली. शेवटच्या आजारपणात व्याकरणाचं हस्तलिखित नीट करून भावाच्या हाती दिलं. पुढच्या पिढ्यांना माझी ओळख याच कागदांवरून पटेल, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला.

पुढचं सगळं थोरल्याचं. चित्रलिपीचे खिळे त्या काळी छापखान्यात नव्हते, चिन्हं हाताने काढून शिळाछापाने उमटवायची. व्याकरण १८३६ ते १८४१, भाग भाग करत. त्यामागून शब्दकोश. मधेच कळलं की काही कागद गायब आहेत. साल्व्होलिनी नावाच्या शिष्याने ते नेले होते आणि आपल्या नावावर मजकूर छापायला सुरुवातही केली होती. १८३८ मध्ये तो वारल्यावर कागद उजेडात आले. ज्याला घरात घेतलं त्यानेच हे करावं, याचा मला आजही राग येतो.

माझा धाकटा गेला त्याला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. आजोबांच्या पेटीत मोडी कागद होते, जमिनीचे, देण्याघेण्याचे. ते वाचता यावेत म्हणून तो मोडी शिकला. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडायचा. "ताई, बघ, आधी रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला टांगतात," असं सांगायचा. शब्दांमध्ये जागा नाही, कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. त्याच्या सहा वह्या माझ्या कपाटात आहेत. डावीकडे मोडी, उजवीकडे बालबोध. मी त्या उघडल्या नव्हत्या.

आज पहिली काढली. वास अजून त्याच्या खोलीचा. जिथे लागलं नाही तिथे पेन्सिलने बारीक गोल केलाय. पहिल्या पानावर चार, दुसऱ्यावर नऊ. एका गोलाशेजारी लिहिलंय, 'ताईला विचार'. मला मोडीचं एक अक्षर येत नाही. बहुधा आडनाव असावं, आमच्या आजोळकडचं. ती माणसं मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक.

१८६६ मध्ये लेप्सियस या जर्मन संशोधकाला इजिप्तमधल्या टॅनिसला एक दगड मिळाला, चित्रलिपी आणि ग्रीक एकाच शिळेवर. शांपोलियाँच्या पद्धतीने चित्रलिपी वाचली आणि ग्रीकशी ताडून पाहिली तर जुळली. धाकट्याला जाऊन ३४ वर्षं झाली होती. थोरला हयात होता, ८७ वर्षांचा, फॉन्तेनब्लोच्या राजवाड्यात ग्रंथपाल.

माझ्या भावासोबत मोडीच्या वर्गाला जाणाऱ्या मुलीचा नंबर वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर आहे. उद्या सकाळी फोन करते. आडनावाचं मीच बघते, पण बाकीचे गोल तिला दाखवायला हवेत.