ओली वाळू फोटोत पांढरीच येते

परवा समुद्रकिनाऱ्याचं एक अख्खं ऑइलचं चित्र खरवडून काढलं. पॅलेट नाइफ वरून खाली ओढत गेलो आणि आकाश, खडक, लाटा सगळं मिळून पात्यावर राखाडी चिखलाचा गोळा जमा झाला. दोन आठवडे फोटो समोर ठेवून ते रंगवत बसलो होतो, आणि चित्र वाईट होतं असंही नाही, दाखवलं असतं तर लोक छान म्हणाले असते, पण मला येता जाता काहीतरी खटकत होतं आणि नेमकं काय ते सापडत नव्हतं. मग त्याच किनाऱ्यावर बसून केलेलं हातभरसुद्धा नसलेलं छोटं लाकडी पॅनल कपाटातून काढून शेजारी ठेवलं. दोन मिनिटांत चूक दिसली. ओली वाळू. फोटोत ती जवळजवळ पांढरी आलेली, म्हणून मीही पांढरी रंगवलेली. छोट्या पॅनलवर तीच वाळू आकाशापेक्षा चांगली एक पायरी गडद.

हे जरा सविस्तर सांगतो कारण किनाऱ्याची अर्धी चित्रं इथेच बिघडतात. लाट मागे सरकली की वाळूवर पाण्याचा पातळ थर उरतो आणि पुढचे काही सेकंद तो आरसा होतो. त्यात आकाश दिसतं, पण आकाशाएवढं उजळ कधीच नाही, कारण थोडा उजेड पाण्यात शिरतो आणि खालच्या वाळूत मुरतो, आणि ओली वाळू कोरडीपेक्षा मुळातच काळपट. शिवाय हा आरसा सगळीकडे सारखा नसतो. लांबवर नजर तिरकी लागते तिथे प्रतिबिंब जास्त, आणि आपल्या पायाशी आपण सरळ खाली बघतो तिथे प्रतिबिंब कमी, वाळूचा तपकिरीच जास्त. म्हणजे एका पट्ट्यात वरून खाली येताना रंग हळूहळू आकाशाकडून मातीकडे सरकतो. छोट्या पॅनलच्या पाठीमागे मी तेव्हा लिहून ठेवलं होतं, अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), भरपूर पांढरा, खाली येताना यलो ऑकर (मातकट पिवळा) वाढवत. फोटोत यातलं काही नाही. नुसता एक चकचकीत पट्टा.

यात फोनचा दोष आहे असं म्हणून मोकळं होता येत नाही, ही भानगड फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८५६-५७च्या सुमारास गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर समुद्राचे फोटो काढायचा. त्या काळच्या काचेच्या निगेटिव्ह निळ्या उजेडाला इतक्या तीव्र असायच्या की समुद्र नीट यावा तर आकाश कोरं पांढरं व्हायचं. मग तो काही फोटोंसाठी आकाशाची एक निगेटिव्ह आणि समुद्राची दुसरी, अशा दोन घेऊन क्षितिजावर जोडून एक प्रिंट काढायचा. आजचा फोन तेच करतो, फक्त न विचारता. कमी-जास्त उजेडाचे तीन चार फोटो घेऊन एक करतो, सावल्या उचलतो, आकाश दाबतो, निळा थोडा वाढवतो, आणि आपल्याला वाटतं की आपण जे बघितलं ते आलं. ते नाही आलेलं. सगळं मधल्या टोनला आणून बसवलंय आणि कुठे काय गडद होतं कुठे उजळ होतं तो हिशोबच मोडलाय. ऑइलमध्ये चित्र उभं राहतं ते त्याच हिशोबावर.

आणि नुसता रंग असता तरी चाललं असतं. फोनची नेहमीची लेन्स वाइड असते, त्यामुळे समोर उभा असलेला कडा, जो प्रत्यक्षात छातीवर आल्यासारखा वाटतो, तो फोटोत लांब कुठेतरी ढेकळाएवढा. पुढची वाळू मात्र फुटबॉलच्या मैदानाएवढी. हे जसंच्या तसं कॅनव्हासवर घेतलं की चित्राच्या खालच्या अर्ध्या भागात करायला काहीच उरत नाही आणि मग माणूस तिथे उगाच शिंपले काढत बसतो. (मी काढलेत. दोन चित्रांत. लाज वाटते.) शिवाय लाट. सेकंदाच्या हजाराव्या भागात पकडलेली लाट काचेची वाटते, एकेक थेंब वेगळा, कडा धारदार. आपला डोळा असं कधीच बघत नाही, डोळ्याला लाटेचा आकार आणि तिचं पडणं दिसतं, थेंब नाही दिसत.

मग सरळ किनाऱ्यावर जाऊनच रंगवावं ना? हो, पण तिथे जे हाल होतात त्याबद्दल कुणी बोलत नाही, सगळे आपले उन्हात बसलेला चित्रकार, डोक्यावर हॅट, असल्या फोटोवरच खूश असतात. पहिला शत्रू वारा. कॅनव्हास म्हणजे शिडच असतं, मी एकदा बराच मोठा कॅनव्हास नेला आणि ईझलसकट (चित्र ठेवायच्या स्टँडसकट) तो उताणा, नाही, पालथा पडला, अर्थात रंगाची बाजू खाली. वाळूचा थर असा बसला की सॅंडपेपर. तेव्हापासून कॅनव्हास बंद, लहान लाकडी पॅनल, आणि ईझलच्या मध्ये पिशवी लटकवून तिच्यात तिथलेच दगड भरायचे. वाळू तरीही येतेच. लंडनच्या नॅशनल गॅलरीत फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं १८७०चं, फ्रान्समधल्या त्रूव्हिलच्या किनाऱ्याचं एक छोटं चित्र आहे, त्याच्या रंगात वाळूचे कण अडकलेले सापडलेत, म्हणून ते तिथेच बसून केलं हे कळतं. हे वाचल्यापासून मी वाळूच्या कणांना चिमट्यानं काढत बसणं सोडलंय.

वाऱ्यानंतर पाणी. मोने १८८५ साली फ्रान्समधल्याच एत्रताला समुद्राकाठी कड्याखाली बसून रंगवत होता, कामात इतका बुडलेला की मोठी लाट येतेय हे दिसलंच नाही, तिनं त्याला कड्यावर आपटलं, चित्र, ईझल सगळं समुद्रात आणि पॅलेटवरचे रंग दाढीला. बरेच लोक हा किस्सा गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत कमी आणि वेळापत्रक जास्त दिसतं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणून भरतीची वेळ रोज ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. काल ज्या वेळी ज्या खडकाजवळ बसलात तिथे आज त्याच वेळी चित्र वेगळं. आणि पाणी सहा तासांत सारख्या गतीनं चढत नाही, सुरुवातीला रांगतं आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं चढून जातं. नेमके ते दोन तास आपण ब्रश हातात घेऊन तंद्रीत असतो. मी आता ओहोटी सुरू झाल्यावरच बसतो. पाणी मागे जात राहतं, ओली वाळू वाढत जाते आणि सामान कोरडं राहतं.

उजेडाचं तर विचारूच नका. चाळीस मिनिटं, फार तर तासभर, त्यानंतर सावल्या दुसऱ्या जागी. सुरुवातीला मी सावलीच्या मागे धावायचो, म्हणजे ती सरकली की मीही सरकवायचो, आणि शेवटी चित्रात खडकाला दोन्ही बाजूंनी ऊन. आता पहिल्या पाच मिनिटांत बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सावल्यांचे आकार भरून टाकायचे आणि नंतर समोर काहीही होवो, त्यांना हात लावायचा नाही. पॅनलही आधीच तसल्याच मातकट रंगानं रंगवून नेतो, कारण कोऱ्या पांढऱ्यावर पहिला कुठलाही रंग गडदच वाटतो आणि मग सगळं चित्र फिकट होत जातं.

लाटेसाठी मात्र ब्रश खाली ठेवावा लागतो. दहा मिनिटं नुसतं बघायचं. प्रत्येक लाट वेगळी असली तरी एकाच जागी त्या साधारण तशाच फुटतात, कारण खालची जमीन तीच असते, मग थोड्या वेळानं एक आकार डोक्यात बसतो. फुटायच्या क्षणभर आधी लाटेचा वरचा काठ पातळ होतो आणि मागून ऊन असेल तर तिथून हिरवा उजेड आरपार येतो. तेवढीच एक फट हिरवी. खालचं पोट गडद, आणि लाटेच्या पुढ्यातल्या सपाट पाण्यात परत आकाश. आणि फेस पांढरा नसतो! उन्हातला थोडासा असतो, बाकी सगळा सावलीत, निळसर राखाडी, कधी कधी जांभळट. ट्यूबमधून थेट पांढरा लावायचा तो अगदी शेवटी, दोन ठिपके. एकदा मी असाच बघत बसलेलो असताना एक पोरगं बाजूला येऊन उभं राहिलं आणि बऱ्याच वेळानं म्हणालं, काका, ती लाट तर गेली, आता परत खोडणार का? मी म्हटलं, नाही रे, ही कुठलीच लाट नाहीये. त्याला ते अजिबात पटलं नाही.

या सगळ्यात हातात पडतं काय, तर पुस्तकाच्या पानाएवढं ओबडधोबड पॅनल, ज्यावर खडकाला धड आकार नाही. पण त्यातले रंग आणि गडद-उजळपणा खरा असतो. फ्रेंच चित्रकार ऊझेन बूदँ, ज्यानं तरुण मोनेला बाहेर बसून रंगवायला लावलं, तो आपल्या आकाशाच्या स्केचेसच्या कडेला तारीख, वेळ आणि वारा लिहून ठेवायचा. मी ते उचललं, वर पाणी चढतंय की उतरतंय तेही लिहितो.

फोटो मी काढतोच, भरपूर काढतो, मला त्याचं वावडं नाही. फक्त त्याच्याकडून काय घ्यायचं ते ठरवलंय, खडकांच्या भेगा, कड्याची रेघ, लाटांमधलं अंतर. एक फोटो आकाशावर टॅप करून (म्हणजे फोन उजेड तिथला धरतो), एक सावलीवर टॅप करून, शिवाय कड्याचा वेगळा झूम करून. आणि निघताना ओलं पॅनल हात लांब करून समोरच्या देखाव्याशेजारी धरायचं आणि दोन्हींचा मिळून एक फोटो. ते पॅनल घरी हातात असतं ना, मग फोटोत त्याचा रंग किती पळालाय हे समोरच कळतं आणि बाकीचा फोटोही तेवढाच फरक धरून वाचता येतो. मोठं चित्र करताना फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून लावतो, म्हणजे रंग उचलायचा मोहच नको. रंग फक्त पॅनलकडून. दोघांचं भांडण झालं तर पॅनल जिंकतं. खरवडलेल्या चित्राच्या वेळी मी आळसानं हे केलं नव्हतं, पॅनल कपाटात आणि रंगीत फोटो समोर.

म्हणूनच कुणी आपल्या ट्रिपचा सूर्यास्त पाठवून याचं पेंटिंग कर ना म्हणालं की मी टाळतो. राग नसतो, पण माझ्याकडे त्या संध्याकाळचं काहीच नसतं. त्यातून सूर्य म्हणजे आणखी अवघड, ट्यूबमधला पांढरा हा शेवटी पांढराच, त्याच्यापुढे उजळ काही नाही, मग सूर्य पेटलेला दाखवायला बाकी सगळं खाली उतरवावं लागतं, आणि किती उतरवायचं हे फोटो सांगत नाही.

तर आता तेच चित्र परत सुरू केलंय. पहिला थर टर्पेंटाइननं पातळ, तेल वरच्या थरांत, नाहीतर खालचा ओला राहून वरचा आधी आवळतो आणि पुढे तडकतो. ओल्या वाळूपासूनच सुरुवात केली आणि ती पहिल्या दिवशीच जमली. अडलंय ते कड्याच्या पायथ्याशी. फोटोत तिथे काळं भोक आहे, सावलीवर टॅप केलेल्यातसुद्धा नुसता राखाडी कोंडा दिसतो, आणि पॅनलवर मी तिथे घाईत एकच जांभळट फटकारा मारून सोडून दिलेला. वाळूवरून उसळलेल्या उन्हाचा काहीतरी केशरी उजेड त्या सावलीत आतून येत होता असं आठवतंय, पण आठवतंय म्हणून लावायला हात धजत नाही. येत्या रविवारी ओहोटी सकाळीच आहे.